मुंगीच्या अंगावरची औषधशाळा

शेतीचा शोध माणसाने लावला, हे वाक्य प्राथमिक शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या शोधाला फार तर दहाबारा हजार वर्षे झाली. दक्षिण व मध्य अमेरिकेच्या अरण्यांत मात्र मुंग्यांचे एक कुळ असे आहे, की त्याच्या शेतीचा आरंभ शास्त्रज्ञांनी सहा कोटी साठ लाख वर्षांमागे नेऊन ठेवला आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत संशोधनातला हा आकडा असून, ज्या अशनीच्या आघातानंतर डायनोसॉरांचा अंत झाला, त्याच काळाशी तो जुळतो. आघाताच्या धुळीने सूर्य झाकोळला, झाडे मेली, कुजणाऱ्या पाल्यावर बुरशीचे राज्य आले आणि त्या दुष्काळात काही मुंग्यांनी बुरशीचीच लागवड आरंभिली, अशी त्यामागची कल्पना आहे.

या कुळात आज अडीचशेच्या आसपास जाती गणल्या जातात. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध त्या पानकाप्या मुंग्या. झाडाच्या पानाचे आपल्या देहाहून मोठे तुकडे कापून, ते छत्रीसारखे डोक्यावर धरून वारुळाकडे निघालेली त्यांची रांग अनेकांनी चित्रपटांतून पाहिली असेल. मुंग्या ही पाने खात असाव्यात, असाच पुष्कळ काळ समज होता. निकाराग्वातील सोन्याच्या खाणीवर काम करणारा थॉमस बेल्ट नावाचा इंग्रज अभियंता मोठा चौकस होता. त्याने वारुळे खणून पाहिली, आणि १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहिले, की ही पाने अन्न नव्हेत, हे खत आहे. मुंग्या त्यावर बुरशी वाढवितात आणि ती बुरशी खाऊन जगतात. पुढे १८९३ साली आल्फ्रेड मोलर या जर्मन संशोधकाने ब्राझीलमध्ये बारकाईने निरीक्षणे करून बेल्टचे म्हणणे खरे ठरविले. आमच्याकडील घरादारांत साखरेच्या डब्यापाशी हिंडणाऱ्या मुंग्यांत मात्र ही विद्या नाही, हे सांगितलेले बरे. बुरशीची शेती करणारे हे मुंगीकुळ केवळ अमेरिका खंडांतच आढळते.

आता ज्याने कधी एकाच पिकाची शेती केली आहे, त्याला पुढचा प्रश्न सांगावा लागणार नाही. एकाच जातीचे पीक, दाट लागवड, वर्षानुवर्षे तीच जागा, तीच दमट हवा. मग रोग कसा पडत नाही? द्राक्षाचा मळा करणारा शेतकरी एका हंगामात किती वेळा फवारणी करतो, ते आपण पाहतोच. मुंग्यांच्या या बागेत रोग नाही असे मानून संशोधक शंभर वर्षे स्वस्थ बसले होते. १९९९ साली टोरांटो विद्यापीठाचा कॅमेरॉन करी हा तरुण संशोधक व त्याचे सहकारी यांनी दाखवून दिले, की रोग आहे, आणि तो मोठा घातक आहे. एस्कोव्हॉप्सिस नावाची एक दुसरी बुरशी केवळ या बागांवरच जगते. पिकाच्या बुरशीवर ती बांडगुळासारखी चढते आणि मुंग्यांची राखण सुटली, तर पाहता पाहता बागच्या बाग फस्त करते.

मग राखण कशी होते? मुंग्या बाग सतत चाटून-पुसून स्वच्छ ठेवतात, रोगट भाग तोडून कचराकुंडीत नेऊन टाकतात, हे तर आहेच. परंतु यातील अनेक जातींच्या मुंग्यांच्या अंगावर, विशेषतः छातीच्या खालच्या बाजूस, पांढुरका भुकटीसारखा थर असतो. जुन्या कीटकशास्त्रज्ञांनी तो मेणासारखा काही स्राव समजून सोडून दिला होता. करीने तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा ते मेण नसून जिवंत जिवाणूंचा दाट थर असल्याचे आढळले. हे जिवाणू जे रसायन स्रवतात, त्याने एस्कोव्हॉप्सिसची वाढ खुंटते. पिकाला रोग, रोगाला औषध, आणि ते औषध करणारा वैद्य शेतकऱ्याच्याच अंगावर बसलेला, अशी ही व्यवस्था आहे. प्रथम या जिवाणूंचे कुल स्ट्रेप्टोमायसिस म्हणून सांगितले गेले; पुढे संशोधकांनी स्वतःच ते दुरुस्त करून स्यूडोनोकार्डिया असे निश्चित केले. दोन्ही भावंडकुळेच आहेत. नांगरलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला, की जो मातीचा सुगंध येतो, तो याच मोठ्या घराण्यातील जिवाणूंच्या कृपेने.

आणखी खोलात गेल्यावर २००६ साली असे दिसून आले, की काही जातींच्या मुंग्यांच्या कवचावर या जिवाणूंसाठी सूक्ष्म खळगे असतात, आणि त्या खळग्यांना आतून ग्रंथी जोडलेल्या असतात. म्हणजे मुंगी आपल्या वैद्याला राहावयास खोली देते आणि जेवणही घालते. कोषातून नुकतीच बाहेर आलेली मुंगी अंगाने कोरी असते. वडीलधाऱ्या मुंग्यांच्या संपर्काने थोड्याच वेळात तिच्या अंगावर ही लागण होते. जी तरुण राणी नवे वारूळ वसविण्यासाठी घर सोडून उडते, ती तोंडाखालच्या एका पिशवीत माहेरच्या बुरशीची लहानशी गोळी घेऊन निघते, आणि अंगावर माहेरचे जिवाणू. लेक सासरी जाताना डब्यात विरजण बांधून देणाऱ्या आयांची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे वेगळे समजावून द्यावयास नको.

या चित्राला पुढील वर्षांत काही मुरडी पडल्या आहेत, त्या लपविणे योग्य नव्हे. सर्वांत मोठी वारुळे करणाऱ्या अट्टा या प्रजातीच्या मुंग्यांच्या अंगावर हे जिवाणू मुळीच नसतात. त्या आपल्या शरीरातील ग्रंथींच्या स्रावावर भागवितात. काही जातींत स्यूडोनोकार्डियाच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसिसही सापडतात, आणि ते घरचे की बाहेरून आलेले पाहुणे, यावर संशोधकांत वाद आहे. सृष्टीतील कोणतीही व्यवस्था पाठ्यपुस्तकातील आकृतीइतकी सरळ नसते.

मुंगीपासून थोडे दूर जाऊन एका गांधीलमाशीचे उदाहरण देतो, कारण ते आम्हांस अधिकच नवलाचे वाटते. आपल्या संतवाङ्मयात कीटक आणि भृंगी यांचा दृष्टान्त वारंवार येतो. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते आणि ध्यासाने ती अळीच माशी होते, अशी ती समजूत. दृष्टान्त म्हणून तो सुंदरच आहे. प्रत्यक्षात माशी त्या अळीला डंख मारून निश्चेष्ट करते व त्याच घरात अंडे घालते, आणि बाहेर पडते ती त्या अंड्यातली माशी. युरोपात याच रीतीने वागणारी, परंतु अळीऐवजी मधमाश्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी आहे. वाळूत बीळ करून तीत ती कोठड्या करते आणि एकेका कोठडीत पाचांपर्यंत निश्चेष्ट मधमाश्या ठेवून अंडे घालते. अळी ती शिदोरी संपवून कोश विणते आणि त्या ओलसर, उबदार मातीत महिनोन् महिने, बहुधा सारा हिवाळाभर, पडून राहते. बुरशीला याहून सोयीचे भक्ष्य कोणते?

परंतु माशी कोठडी बंद करण्यापूर्वी एक काम करते. तिच्या शृंगिकांमध्ये, म्हणजे डोक्यावरच्या त्या दोन मिशांमध्ये, लहान लहान पोकळ्या असतात. त्यांतून ती चुनखडीसारखा पांढरा पदार्थ कोठडीच्या छताला फासते. या पांढऱ्या ठिपक्यावरून अळीला बाहेर पडण्याची दिशा कळते, एवढे १९९५ पासून ठाऊक होते. २००५ साली मार्टिन काल्टेनपोथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की तो पदार्थ स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी भरलेला असतो. अळी तो छतावरून उचलून आपल्या कोशाच्या धाग्यांत विणून टाकते. २०१० साली त्या कोशाच्या पृष्ठभागावर नऊ निरनिराळी प्रतिजैविके सापडली. एक नव्हे, नऊ. एखाद्या बुरशीने एका औषधाला दाद दिली नाही, तरी उरलेली आठ तिथे हजर आहेत. संशोधकांच्या अनुमानाप्रमाणे ही सोबत किमान सहा कोटी ऐंशी लाख वर्षांची आहे, आणि एवढ्या काळात त्या औषधांच्या मिश्रणाचा मूळ साचा फारसा बदललेला नाही. आपली प्रतिजैविके वापरात आली त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत, आणि त्यांतली कितीतरी आताच बोथट झाली आहेत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मुंगीच्या बागेचे आणि गांधीलमाशीच्या कोशाचे आम्ही काय करावे? त्याचे उत्तर २०२१ च्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी आजारी माणूस होते, त्यांना विचारावे. कोविडची दुसरी लाट ओसरू लागली तोच काळ्या बुरशीचा रोग आला. मधुमेह असलेल्या, स्टेरॉइडचे उपचार झालेल्या रुग्णांच्या नाकातून, जबड्यातून ती डोळ्याकडे व मेंदूकडे पसरत असे. जूनअखेरपर्यंत देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांचा होता. औषध होते, त्याचे नाव अँफोटेरिसिन. परंतु ते मिळेना. नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात चिठ्ठ्या घेऊन फिरत होते. आमच्या वाचकांपैकीही काहींनी ते दिवस अनुभवले असतील.

बुरशीजन्य रोगांवर औषधे इतकी थोडी का, हा रास्त प्रश्न आहे. जिवाणूंची पेशी आपल्या पेशीहून इतकी निराळी आहे, की एकीला मारून दुसरीला वाचविणे त्या मानाने सोपे जाते. बुरशी मात्र वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची, म्हणजे आपली दूरची भावकीच. भाऊबंदकीत घाव घालताना तो आपल्याही घरावर बसतो, तसे या औषधांचे होते. अँफोटेरिसिन जीव वाचविते, पण मूत्रपिंडांना जाच करते. पोटात घेण्याच्या किंवा शिरेतून देण्याच्या बुरशीनाशकांचे मुख्य वर्ग मोजावयास एका हाताची बोटे पुरतात. दुसरीकडे नव्या बुरशी पुढे येत आहेत. कॅन्डिडा ऑरिस ही २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम सापडली. तिचे नावही कानावरूनच पडले. आज ती जगभरच्या रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांची डोकेदुखी झाली आहे, आणि तिचे काही वाण एकाहून अधिक वर्गांच्या औषधांना दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक बुरशींची जी पहिली यादी केली, तीत ती अगदी वरच्या गटात आहे.

आजवरची बहुतेक महत्त्वाची प्रतिजैविके मातीतून मिळाली. १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन विदुषींनी निस्टॅटिन हे बुरशीनाशक शोधले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीला. एकीने जिवाणू वाढवावे, बरणीत घालून टपालाने धाडावे, दुसरीने त्यातील रसायन वेगळे करून पुन्हा टपालाने परत पाठवावे, असा तो सहकार होता. अँफोटेरिसिन देणारा जिवाणू व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडला. आणि आपल्या मराठी मुलखाचाही या यादीत एक मानाचा पाट आहे, तो हल्लीच्या पिढीला ठाऊक नसतो. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी हमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते ज्या जिवाणूपासून मिळाले त्याचे नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि औषधाच्या नावात कारखान्याची आद्याक्षरे. त्याच विभागातून पुढे पिकांवरील बुरशीरोगांसाठी ऑरिओफंजिन आले. २००९ साली पानकाप्या मुंग्यांच्या अंगावरील स्ट्रेप्टोमायसिसमध्ये कॅन्डिसिडिन हे रसायन सापडले, ते जुनेच, मातीतल्या जिवाणूंपासून पूर्वी मिळालेले होते. आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते आपल्या हमायसिनचे अगदी जवळचे नातलग. पिंपरीची माती आणि अमेरिकेतील मुंगी यांचे हे नाते आम्हांस कोणत्याही कादंबरीपेक्षा रंजक वाटते.

परंतु मातीची खाण आता रिती होऊ लागली आहे. मातीतले जिवाणू वाढवून तपासावे, तर पुनःपुन्हा तीच ठाऊक असलेली रसायने हाती लागतात. म्हणून संशोधकांची दृष्टी कीटकांकडे वळली. कल्पना अशी, की लक्षावधी वर्षे एखाद्या जिवंत प्राण्याच्या अंगावर राहून जे रसायन बुरशीला आवरीत आले आहे, ते त्या प्राण्याला तरी फारसे अपायकारक नसणार. २००९ साली हार्वर्डचे जॉन क्लार्डी आणि करी यांच्या गटाने मुंगीवरील स्यूडोनोकार्डियापासून डेंटिजेरुमायसिन हे अगदी नवे रसायन वेगळे केले. २०१६ साली सेल्व्हामायसिन आले. ते निस्टॅटिनच्या घरातले. २०१९ साली चौदाशेंहून अधिक कीटक गोळा करून त्यांवरील स्ट्रेप्टोमायसिसची मोठी चाचणी झाली. मातीतल्या भाईबंदांपेक्षा कीटकांवरचे जिवाणू बुरशीविरुद्ध अधिक प्रभावी ठरले, आणि ब्राझीलमधील एका मुंगीवर सायफोमायसिन हे रसायन सापडले, ज्याने उंदरांमध्ये औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीचा संसर्ग आटोक्यात आणला. २०२१ साली ॲटिनिमायसिनची भर पडली. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांनी ‘मुंगीने दिले नवे औषध’ अशा थाटाचे मथळे दिले. औषध अजून एकही झालेले नाही. काचेच्या बशीतून उंदरात, उंदरातून माणसात आणि माणसातून दुकानात येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि निघालेल्या शंभरांतील बहुतेक वाटेतच गळतात. ही गोष्ट मथळ्यात मावत नाही.

आता परोपजीवींकडे वळू. बुरशीवर चालणारे रसायन रोगकारक परोपजीवीवरही चालावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते, पण त्याला कारण आहे. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. बुरशीच्या पटलात त्या जागी एर्गोस्टेरॉल असते. अँफोटेरिसिन या एर्गोस्टेरॉलला गाठून पटल निकामी करते. काळा आजार ज्याच्यामुळे होतो, त्या लेश्मानिया नावाच्या एकपेशी जीवाच्या पटलातही एर्गोस्टेरॉलच्याच जातीचे द्रव्य असते. म्हणून बुरशीवरचे तेच औषध काळ्या आजारावरही लागू पडते.

काळा आजार हा खास आपल्या देशाच्या इतिहासातला रोग. वालुकामाशीच्या चाव्यातून तो येतो. ताप हटत नाही, प्लीहा फुगते, अंग काळवंडते, आणि उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू. बंगाल, आसाम, बिहार या प्रांतांत त्याने गावेच्या गावे ओस पाडली. १९०३ साली विल्यम लेश्मन यांनी आणि मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे त्याचा जंतू ओळखला. लेश्मानिया डोनोव्हानी या नावात दोघेही अजून शेजारी शेजारी बसलेले आहेत. त्यावरचे पहिले खरे प्रभावी औषध कलकत्त्याच्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी तयार केले. साधनांची वानवा असलेल्या एका लहानशा खोलीत त्यांनी हे काम केले, आणि युरिया स्टिबामिन या त्यांच्या अँटिमनीयुक्त औषधाने असंख्य माणसे वाचली. परंतु शतक संपता संपता बिहारमध्ये अँटिमनीची औषधे मोठ्या प्रमाणावर निष्फळ ठरू लागली. २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात अँफोटेरिसिनची चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेली एकच मात्रा देण्याची पद्धत आली, आणि आज रोग पुष्कळच मागे हटला आहे. तथापि पुन्हा तेच. एका औषधावर सगळी भिस्त.

म्हणूनच ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठातील मोनिका पुपो यांच्या गटाने २०१९ साली केलेले काम महत्त्वाचे आहे. बुरशीची शेती करणाऱ्या ट्रॅकिमिर्मेक्स या मुंग्यांवरील एका स्ट्रेप्टोमायसिसपासून त्यांनी काही रसायने वेगळी केली. ती बागेच्या शत्रूला, एस्कोव्हॉप्सिसला, मारक होतीच. त्यांनी ती लेश्मानिया डोनोव्हानीवरही लावून पाहिली, आणि ती तिथेही लागू पडली. त्यांतील निगेरिसिन हे तर सध्या वापरात असलेल्या मिल्टेफोसिन या औषधापेक्षाही कमी मात्रेत काम करताना दिसले. दुसरे पिएरिसिडिन, आणि मौज अशी, की युरोपातल्या त्या गांधीलमाशीच्या कोशावर जी नऊ प्रतिजैविके सापडली, त्यांत याच घराण्यातील रसायने आहेत. दोन खंड, एक मुंगी, एक माशी, आणि औषधाची चिठ्ठी मात्र एकच. अशीच गोष्ट अमेरिकेतील पाईन झाडांचे भुंगे आणि त्यांच्यासोबतचे जिवाणू यांची. २००८ साली त्यांच्यापासून मिळालेले मायकँजिमायसिन भुंग्याच्या शत्रुबुरशीला आवरते आणि प्रयोगशाळेत हिवतापाच्या परोपजीवीलाही मारते.

येथे सावधपणे लिहिणे आवश्यक आहे. निगेरिसिन आणि पिएरिसिडिन ही सौम्य द्रव्ये नव्हेत. एक पेशीतील क्षारांचा तोल बिघडविते, दुसरे पेशीचा श्वासच कोंडते, आणि तो आपल्याही पेशींचा कोंडू शकते. मुंगीला सोसते ते माणसाला सोसेलच असे नाही. त्यांच्या रेणूत फेरफार करून त्यांची धार रोगाकडे वळविता येईल का, हा पुढचा प्रश्न. तो सुटणारच नाही असेही नाही. जपानमधील मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून मिळालेल्या रसायनात असाच थोडा बदल करून आयव्हरमेक्टिन झाले, आणि त्याबद्दल २०१५ साली सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी काही जिल्ह्यांत घरोघरी ज्या गोळ्या देण्यात आल्या, त्यांत ते होते.

नवे औषध येईल तेव्हा येईल. आहे त्याची आपण काय दशा करीत आहो, हे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. नायटा किंवा गजकर्ण हा पूर्वी पंधरा दिवसांच्या मलमाने जाणारा रोग. गेल्या दहा-बारा वर्षांत तो घराघरांतून ठाण मांडून बसला आहे. वर्गात मुले कमरेशी, मानेशी खाजवीत बसतात. विचारले, तर घरात आईला, आजीलाही तोच त्रास. याला कारण असलेल्या बुरशीचा एक नवा वाण २०२० साली शास्त्रज्ञांनी नोंदविला आणि त्याचे नाव ठेवले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या नावात आपला देश आहे, पण अभिमान वाटावा असे त्यात काही नाही. टर्बिनाफिन हे हुकमी औषध यातील अनेक वाणांवर चालत नाही. आता तो वाण युरोप-अमेरिकेतही पोहोचला आहे.

त्वचारोगतज्ज्ञांचे बोट बहुतांशी एका गोष्टीकडे जाते. दुकानात चिठ्ठीवाचून मिळणारी मिश्र मलमे. बुरशीनाशक, जिवाणुनाशक आणि जालीम स्टेरॉइड, तिन्ही एकाच नळीत. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिका पडतो, आणि आपण मलम कपाटात ठेवून देतो. बुरशी मात्र कातडीत जिवंत असते; उलट स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती खच्ची झालेली असल्याने ती मोकळी पसरते, आणि अर्धवट मात्रेतल्या औषधाची तिला ओळख होऊन बसते. २०१८ साली सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकावयाची नाहीत असा आदेश काढला. दुकानात जाऊन पाहावे, म्हणजे आदेश कोठपर्यंत पोहोचला ते कळेल. वाचक भगिनींना आमची विनंती आहे, की शेजारणीने दिलेली नळी मुलाच्या अंगाला लावू नये. डॉक्टर जितके आठवडे सांगतील तितके आठवडे, खाज गेल्यावरही, उपचार चालू ठेवावा. घरातील सर्वांना एकदम दाखवावे. टॉवेल व आतले कपडे वेगळे ठेवून उन्हात वाळवावे. गांधीलमाशी कोठडीतल्या अळीसाठी जेवढी काळजी घेते, तेवढी आपण घ्यावयास हरकत नसावी.

राहिला प्रश्न तो मालकीचा. ब्राझीलच्या रानातील मुंगीवर सापडलेल्या रसायनातून उद्या कोणा कंपनीने कोट्यवधी मिळविले, तर त्यात त्या रानाचा व तिथल्या लोकांचा वाटा किती? १९९२ च्या जैवविविधता कराराने असा वाटा मान्य केला, आणि २०१० च्या नागोया मसुद्याने त्याचे नियम ठरविले. आपल्याकडे २००२ चा जैविक विविधता कायदा आहे, आणि त्यानुसार गावोगावी जैवविविधता समित्या व त्यांची नोंदवही असावयास हवी. आमच्या सीमाभागातील किती पंचायतींत ती नोंदवही शेवटची केव्हा उघडली गेली, याची चौकशी वाचकांनी आपापल्या गावी करून पाहावी. कारण बुरशीची शेती करणारी मुंगी आपल्याकडे नसली, तरी बुरशीची शेती करणारी वाळवी आहे. कोकण-गोव्यापासून खानापूरच्या रानापर्यंत पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते आणि जिच्यासाठी गृहिणी बाजारात घासाघीस न करता पैसे मोजतात, ती वाळवीच्याच बागेतली. त्या बागेलाही शत्रू आहेत, तिथेही जिवाणू आहेत. आफ्रिकेतील अशाच एका वाळवीच्या सोबतच्या जिवाणूंपासून बॅसिलीन हे बुरशीला आवरणारे रसायन २०१३ साली मिळाले आहे. आपल्या वारुळांत काय आहे, अळंबी काढताना वारूळ का मोडू नये, आणि वाळवीला ही शेती कशी साधली, हा विषय मोठा आहे. जागेअभावी तो पुढील अंकी.